ज्यावर भाव, तसा स्वभाव

चि. बाळास सप्रेम सलाम.

परवा मैत्रिणीच्या घरच्या आरतीहून परतताना तू गाडीत विचारलेस, की आपण मराठी असूनही आपल्याकडे गणपती का बसत नाही, आणि मूर्ती घडवणारे व त्यांच्यावर भाव ठेवणारे मूर्तींसारखेच होतील असे बायबलच्या ११५व्या स्तोत्रात म्हटले आहे, ते तिच्या आजीबद्दल आहे का. गाडी चालवता चालवता उत्तर देण्याजोगा हा प्रश्न नव्हता.

आपण अहिल्यानगरकडचे. अमेरिकन मराठी मिशनचे काम तेथे १८३१ पासून चालू झाले आणि आपले घराणे त्यातूनच ख्रिस्ती झाले. भाषा, पुरणपोळी, अभंगाची चाल, नारायण वामन टिळकांची भजने, सारे आपले राहिले. मूर्ती करून तिच्या पाया पडू नको, या दहा आज्ञांतील दुसरीमुळे घरात मूर्ती मात्र आली नाही.

आता स्तोत्राविषयी. ते इस्राएल लोकांनी स्वतःच्या उपासनेत गायचे गीत आहे, आणि मूर्तिपूजेवरून संदेष्ट्यांनी सर्वांत कठोर शब्द ऐकवले तेही स्वतःच्याच लोकांना. बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या ३२व्या अध्यायात सोन्याच्या वासरापुढे नाचणाऱ्या इस्राएल लोकांना देव ‘ताठ मानेचे लोक’ म्हणतो. जू मानेवर घेऊ न देणाऱ्या गोऱ्ह्याचेच हे वर्णन आहे, म्हणजे ज्याला ते नमले त्याचाच हट्ट त्यांच्या अंगी आला, असे मी ते वाचतो. माणूस मुळात देवाच्या प्रतिरूपाने घडलेला असल्यामुळे तो ज्याच्याकडे टक लावून राहतो त्याचे रूप घेतो, आणि म्हणूनच प्रेषित पौल कलस्सै येथील मंडळीस लिहिताना लोभालाही मूर्तिपूजाच म्हणतो.

हे मी आपल्याच घरात पाहिले आहे. चार गुंठे जमिनीवरून तुझे आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ अकरा वर्षे एकमेकांशी बोलले नाहीत. दोघे दर रविवारी एकाच चर्चमध्ये, दोन बाके सोडून बसत आणि हेच स्तोत्र गात: डोळे असून दिसत नाही, कान असून ऐकू येत नाही. उपासना संपल्यावर काका दाराशी थांबून ‘दादा’ अशी हाक मारीत, आणि आजोबा छत्री काखेत धरून, समोर कोणीच नसल्यासारखे, त्यांच्या अंगावरून निघून जात. एरवी दारी आलेल्या परक्यालाही जेवल्याशिवाय न सोडणारा तो माणूस होता. आमच्या भिंतीवर साध्या क्रुसाखेरीज काही नव्हते, तरी त्या चार गुंठ्यांनी त्यांना दगड केले होते. मी दहा वर्षांचा होतो, आणि मीही काकांकडे पाहणे सोडून दिले होते.

म्हणून ते स्तोत्र मी दुसऱ्याच्या देवघराकडे बोट दाखवण्यासाठी वाचत नाही. आजींच्या मनाचा न्याय देवाचा आहे. मला जे दिसले तेवढे सांगतो. प्रसादाचे ताट पुढे आले तेव्हा तू हात मागे घेतलास, आणि गर्दीतही ते त्यांच्याच लक्षात आले. त्या काही न बोलता स्वयंपाकघरात गेल्या, नैवेद्य दाखवण्याआधी बाजूला काढून ठेवलेला मोदक वाटीत घालून त्यावर तूप सोडले, आणि ‘हा तुझ्यासाठी वेगळा ठेवला होता’ म्हणून तुझ्या हातात दिला.

तुझे पप्पा