गावात वीज सारखी जाते, घरचे जुने फोटो स्कॅन करायला कोणता स्कॅनर घ्यावा?

यूएसबीवर चालणारा सपाट काचेचा फ्लॅटबेड स्कॅनर घ्या. कॅननचा लाईड ३०० किंवा एप्सनचा व्ही३९ घरच्या फोटोंना पुरेसा आहे. यांना वेगळी वीज लागत नाही, लॅपटॉपच्या केबलवरच चालतात, म्हणून भारनियमनातही काम थांबत नाही. यवतमाळकडच्या आमच्या घरातले लग्नाचे, वावरातले फोटो मी असेच स्कॅन केले. खोक्यावरच्या ४८०० डीपीआय (म्हणजे एका इंचात किती ठिपके टिपले जातात) वगैरे आकड्यांना भुलू नका. ४ बाय ६ इंचाच्या फोटोला ६०० डीपीआय भरपूर होतात: २४०० बाय ३६०० पिक्सेल, म्हणजे साडेआठ मेगापिक्सेलच्या वर. पासपोर्ट फोटो मोठा करायचा असेल तर १२०० ठेवा. मूळ फाइल टिफमध्ये (दर्जा न घटवणारा फाइलचा प्रकार) जपा, व्हॉट्सअ‍ॅपसाठी वेगळी, लहान आकाराची जेपेग काढा. कागद आत ओढणारा स्कॅनर मात्र मुळीच नको. फोटोवर ओरखडा पडला की तो कायमचा.

एक अडचण आहे. या स्कॅनरचा फोकस काचेला टेकलेल्या भागापुरताच असतो, त्यामुळे वळलेला फोटो कडेला धूसर येतो. आधी दोन-चार दिवस जड वहीखाली दाबून ठेवा. निगेटिव्ह यावर होत नाहीत, त्याला वरून प्रकाश देणारा स्कॅनर लागतो. आणि पावसाळ्यातल्या ओलीने फ्रेमच्या काचेला चिकटलेला आजी-आजोबांचा फोटो ओढून काढू नका, वरचा थरच निघून येतो. तो काचेसकट दिवसा ओसरीच्या सावलीत ठेवून मोबाइलनेच टिपा.