भजनी मंडळासाठी सोनिक मॅक्सिमायझर घ्यावा, एक्सायटर घ्यावा की कॉम्प्रेसर?

साताऱ्याच्या दादांनी विचारलंय की भजनी मंडळाचे कार्यक्रम पण करायचेत आणि तेच रेकॉर्ड करून यूट्यूबला पण टाकायचंय, आवाज काही मोकळा येत नाही, मग बीबीई कंपनीचा सोनिक मॅक्सिमायझर घ्यावा, ॲफेक्स कंपनीचा ऑरल एक्सायटर बघावा का सरळ कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा झालेला आवाज आपोआप दाबणारं यंत्र. मी मिरजेचा, सांगली तासगाव भागात बरीच वर्षं साऊंड करतोय, सप्ताह म्हणू नका, लग्नातला ऑर्केस्ट्रा म्हणू नका, सगळं झालंय.

पहिलं सांगा, तुमच्याकडं टाळकरी किती? हे मी मुद्दाम विचारतोय. दहा-पंधरा टाळ असले की बुवांच्या माईकमध्ये बुवा कमी आणि टाळच जास्त येतात, आणि ही सगळी एनहान्सर मंडळी, म्हणजे आवाज चमकवणारे डबे, काम करतात ते नेमकं वरच्या ट्रेबलवर. एक्सायटर काय करतो, तर आवाजाचा वरचा भाग वेगळा काढतो, त्यातनं मूळ आवाजात नसलेले नवे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले वरचे बारीक सूर, तयार करतो आणि थोडेसे परत मिसळतो. मॅक्सिमायझरचं जरा वेगळं आहे, तो खालचा बास वरच्या आवाजापेक्षा किंचित उशिरा सोडतो, एक-दोन मिलिसेकंदांचा खेळ, आणि वर ट्रेबल पण सिग्नल बघून चढवतो, म्हणून शब्द सुट्टे वाटतात. त्याच्यावर बटणं मोजून दोनच, बाससाठी लो कंटूर आणि ट्रेबलसाठी प्रोसेस, त्यामुळं कुणालाही वाटतं आपल्याला जमलं. पण डब्याला काय कळतंय हा टाळ आणि हा बुवांचा 'स'? दोन्ही सारखेच चमकवून देतो, आणि पुढं बसलेल्या बायका तासाभरात कानावर पदर घेतात.

आमच्या मिरजेतल्या सतारमेकर गल्लीत कधी आलात तर तंबोऱ्याची जवारी काढताना बघा. घोडीचा माथा कानसून अगदी थोडा उतार देतात, तार त्याला घासत थरथरते आणि मग तो झंकार उठतो, वरचे हार्मोनिक्स बाहेर पडतात, दोरा जरा पुढंमागं सरकवला की आवाज उघडतो नाहीतर बंद होतो. एक्सायटरचं काम दुसरं काय आहे हो? ॲफेक्सवाल्यांनी 1975 च्या सुमारास जेव्हा हे यंत्र काढलं तेव्हा ते विकत पण देत नव्हते, भाड्यानं द्यायचे, तयार गाण्याच्या मिनिटाला 30 डॉलर. आणि आपल्याकडं हे काम लाकूड, हाड आणि दोऱ्यावर चाललंय. म्हणून तंबोरा, सतार असली वाद्यं एक्सायटरमधनं काढू नका, आधीच उघडलेली जवारी परत उघडायला गेलं की नुसती पत्रा वाजल्यासारखी चिरचिर होते.

आता माझा गाढवपणा सांगतो. सुरुवातीला एक जुना मॅक्सिमायझर हौसेनं घेतला आणि एका जत्रेत मेन आउटपुटवरच लावला, घरी काय सुंदर वाजला होता! मैदान मोठं, मागच्या लोकांना ऐकू जाईना, उघड्यावर लांब जाताना ट्रेबल आधी मरतो ना, म्हणून मी प्रोसेस चढवत गेलो आणि साडेनऊला एका टॉपचा, म्हणजे गाण्याच्या मुख्य स्पीकरचा, ट्रेबल वाजवणारा वरचा ड्रायव्हर जळाला. 6 डीबी (डेसिबल, आवाजाचं माप) वाढवलं की पॉवर चौपट लागते हे मला पुस्तकात माहीत होतं पण हाताला माहीत नव्हतं. खरा उपाय साधा होता, टॉप उंच स्टँडवर घेऊन तोंड मागच्या रांगेकडं करायचं.

तेव्हा लाइव्हसाठी माझं मत असं की पैसे आधी बुवांच्या चांगल्या माईकवर आणि 31 बँडच्या ग्राफिक इक्वलायझरवर घाला, म्हणजे आवाजाच्या 31 पट्ट्या वेगवेगळ्या कमी-जास्त करता येतात. माईक शिट्टी मारतो ती फ्रिक्वेन्सी शोधून तेवढीच खाली घेतली की निम्मा आवाज तिथंच मोकळा होतो. सब (बासचे स्पीकर) आणि टॉप वेगळे असतील तर डीबीएक्सच्या ड्राइव्हरॅक पीए2 सारखा स्पीकर प्रोसेसर बघा, बास-ट्रेबल वाटून देणारा क्रॉसओव्हर, ठरल्यापेक्षा आवाज वर जाऊ न देणारा लिमिटर, फीडबॅक म्हणजे माईकची शिट्टी दाबायची सोय सगळं एकात येतं आणि ड्रायव्हर जळायची भीती कमी. कॉम्प्रेसर फक्त बुवांच्या चॅनेलवर, रेशो 3:1 च्या आसपास (ठरवलेल्या पातळीच्या वर 3 डीबी आलं तर 1 च सोडायचं), मोठ्या तानेला 4-5 डीबी दाबेल एवढाच, त्याच्यापुढं गेलात तर बुवा श्वास घ्यायला थांबले की टाळ एकदम अंगावर येतात. आणि मिक्सर एक्स32 सारखा डिजिटल असेल तर थांबा, त्यात एक्सायटर आणि एनहान्सर दोन्ही आतच आहेत, वेगळा डबा कशाला घेताय.

रेकॉर्डिंगचं गणितच वेगळं. मेन आउटपुट घेऊन तेच यूट्यूबला टाकू नका, मांडवात पखवाज नुसताच घुमत असतो म्हणून तुम्ही मिक्सरवर त्याला कमी दिलेला असतो, रेकॉर्डिंगमध्ये तो गायबच होतो. चॅनेल सुटे सुटे घ्या, कोरे, काही न लावता, कारण एकदा एक्सायटर लावून रेकॉर्ड केलं की तो परत काढता येत नाही. नंतर घरी निवांत बसून कॉम्प्युटरवर एक्सायटरचं प्लगइन (सॉफ्टवेअर) लावा, बुवांच्या आवाजावर थोडा, पखवाजाच्या शाईकडच्या बाजूला हवा तर थोडा, टाळावर अजिबात नाही, पेटीवर मला तरी आवडत नाही. आणि सगळं फुगवून मोठं करायचा हट्ट नको, यूट्यूब मोठी गाणी उणे 14 एलयूएफएसच्या (कानाला वाटणाऱ्या मोठेपणाचं माप) आसपास स्वतःच खाली आणतं, मग नुसता चिरडलेला आवाज तेवढा राहतो. (तुम्ही 'डॉल्बीसारखा दणका' पण म्हटलंय. आपल्याकडं भिंतभर स्पीकरला डॉल्बी म्हणायची पद्धत पडली, पण 1965 ला सुरू झालेल्या त्या कंपनीनं पहिलं नाव कमावलं ते टेपवरची खरखर कमी करून.)

तरी घ्यायचाच असेल तर दुकानात अशी परीक्षा घ्या. स्वतःच्या भजनाचं रेकॉर्डिंग घेऊन जा, दुकानदाराचं गाणं नको, ते आधीच चमकवलेलं असतं. डबा चालू केला की आवाज थोडा मोठा होतोच, आणि कानाला मोठा तो चांगलाच वाटतो, म्हणून चालू-बंद दोन्ही वेळा आवाज सारखा करायला लावा, पाठ फिरवून उभे राहा आणि दुसऱ्याला बटण दाबू द्या. पाच वेळा विचारून पाचही वेळा ओळखता आलं आणि तेच बरं वाटलं तर घ्या. आणि टाळाची संख्या कमेंटमध्ये सांगा, मग माईक कुठला घ्यायचा आणि टाळकऱ्यांना बुवांपासून किती लांब बसवायचं ते सांगतो.