'उदों दी बोल्यो' मधला 'दी' म्हणजे काय?

क्वेबेकच्या (कॅनडाचा फ्रेंचभाषक प्रांत) जुन्या चर्चदप्तरांत पूर्वजाचं आडनाव 'उदों दी बोल्यो' असं लिहिलेलं आढळतं. या 'दी'ला मराठीत 'उर्फ' म्हणावं का, असा प्रश्न आला आहे.

'दी' हे 'म्हणणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदाचं रूप आहे. अर्थ 'म्हटला जाणारा'. लिहिताना शेवटी 'ट' असतो, पण पुरुषाच्या नावात तो उच्चारत नाहीत. बाईच्या नावात मात्र 'दीत' होतं. 'डिट' हे लिप्यंतर तेवढं टाळावं.

'उर्फ' चालेल, पण अर्थ पुरा येत नाही. उर्फ बहुधा त्या माणसापुरतं असतं. 'दी' नातवंडा-पतवंडांपर्यंत उतरतो. आपल्याकडे जवळची गोष्ट वतनी आडनावांची. भटांचे पेशवे झाले. कुलकर्णी म्हटलं की मूळ आडनाव विचारावं लागतं, कारण सगळे कुलकर्णी एका घरचे नसतात. तिथल्या 'लाफ्लर'चं (फूल) तसंच आहे. 1665 मध्ये कारिन्याँ-सालिएर या फ्रेंच पलटणीचे सुमारे 1200 सैनिक तिथे उतरले आणि त्यांतले चारेकशे कायमचे राहिले. सैनिकाला पलटणीत टोपणनाव असायचं: लाफ्लर, सांसूसी (निश्चिंत). फुलाचं नाव अनेकांना मिळालं, म्हणून नुसत्या 'लाफ्लर'वरून घराणं ठरवू नये. काही 'दी' मूळ गावावरून किंवा जमिनीवरूनही आले.

शोध अडतो तो इथे. 19व्या शतकात 'दी' गळत गेला आणि एका भावाने 'उदों' ठेवलं, दुसऱ्याने 'बोल्यो'. सूचीत दोन्ही नावं पाहावीत, आणि 'उदों' हे 'एच'खाली पाहावं, कारण लिहिताना सुरुवातीला असलेला एच उच्चारत नाहीत. 'तिबो'सारख्या नावाचा शेवटचा 'ओ' चारपाच तऱ्हांनी लिहिला जातो. पाद्री कानाला येईल तसं लिहीत. अमेरिकेत गेलेल्या शाखांत तर भाषांतरच झालं: ब्वाव्हेरचा (हिरवं रान) ग्रीनवुड, र्वाचा (राजा) किंग.

अशा वेळी बाईचं नाव धरावं. बाप्तिस्म्यापासून दफनापर्यंत ती माहेरच्याच आडनावाने नोंदली जाते. नवऱ्याची दोन आडनावं आलटूनपालटून येत असली, तरी बायकोचं नाव जुळलं की जोडपं बहुधा तेच. विवाहनोंदीत दोघांच्याही आईवडिलांची नावं असतात, म्हणून एकेका लग्नावरून एकेक पिढी मागे जावं. त्यात बापाच्या नावाआधी 'फ' (लिहिताना एफ-ई-यू) दिसलं, तर ते आपलं 'कै.'. कोशात या शब्दाचा 'आग' हा अर्थ आधी भेटतो, तो इथे नाही. म्हणजे बापाची दफननोंद लग्नाच्या तारखेआधी शोधायची. पान फाटलं असेल तर सरकारी प्रत पाहावी. 1679 पासून नोंदी दोन प्रतींत ठेवल्या जात. तीही नसेल तर नोटरीकडचा विवाहकरार पाहावा; तो बहुतेकदा लग्नाच्या काही दिवस आधीचा असतो.

बाप्तिस्म्याच्या नावांचंही एक सांगायला हवं. पुढे पुढे मुलाला 'जोझेफ' आणि मुलीला 'मारी' आधी लावायची पद्धत रुळली. हाक मारायचं नाव बहुधा शेवटचं. 'जोझेफ लुई पिएर' हा घरात पिएर. मूल दगावलं की तेच नाव पुढच्याला देत, म्हणून एकाच आईबापांचे दोन पिएर दिसले तर आधी पहिल्याची दफननोंद पाहावी.

वंशावळीत 'उदों दी बोल्यो' असंच पूर्ण लिहावं, आणि त्या नोंदीत दोनांपैकी कोणतं आडनाव होतं ते तारखेसह शेजारी टिपावं.