पाकिस्तानात मानवाधिकारांची एवढी पायमल्ली होते, तरी तिथली सामान्य माणसं गप्प का बसतात?

गप्प बसतात हे तुम्हाला कुणी सांगितलं? हाच प्रश्न, जवळजवळ याच शब्दांत, आमच्या भाऊजींनी २०१९ च्या दिवाळीत जेवता जेवता टाकला होता आणि मी हातातला घास तसाच ठेवून पानावरून उठलो होतो. म्हणून लिहितोय. एरवी मी इथे एसीच्या प्रश्नांपलीकडे जात नाही.

मी चिपळूणचा. २००६ ते २०१७ शारजात, डक्टिंगच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायचो. कॅम्पात आमच्या खोलीत सहाजण: मी, खेडचा एक आणि चौघे पाकिस्तानी. त्यातला सगळ्यात वयस्क फोरमन, त्याला सगळे उस्ताद म्हणायचे. पत्रा असा कापायचा की कात्रीच्या जागी सुरी वाटावी. मेस एकत्र. ते चौघे एकाच मोठ्या थाळ्यातून भात खायचे, मी आणि खेडवाला वेगळं घ्यायचो, ते माझ्या शाकाहारी वारांमुळे. कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

२००९ साली उस्तादच्या पासपोर्टची मुदत संपत आली. माझं अक्षर चांगलं, त्यामुळे कॅम्पातल्या निम्म्या लोकांचे अर्ज मीच भरायचो. त्याचाही घेतला. नाव, बापाचं नाव, गाव, सगळं झालं आणि शेवटी प्रतिज्ञापत्र आलं. पाकिस्तानात ज्याला स्वतःच्या नावापुढे मुसलमान असं लिहून हवं, त्याला सही करून द्यावं लागतं की मिर्झा गुलाम अहमद कादियानी हा तोतया नबी होता आणि त्याचे अनुयायी मुसलमान नाहीत. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. मी पेन पुढे केलं. उस्ताद कागदाकडे बघत बसला. मी म्हटलं, "साइन मार दो ना उस्ताद, कागज ही तो है."

तो म्हणाला, "तुम अपने बाप को लिख के झूठा कहोगे? कागज ही तो है."

तेव्हा कळलं की उस्ताद अहमदी आहे, म्हणजे याच मिर्झा गुलाम अहमदना मानणाऱ्या पंथाचा. आधीच्या पासपोर्टाच्या वेळी एजंटानं परस्पर सही ठोकली होती आणि ते त्याला वर्षानुवर्षं सलत होतं. त्या रात्री गच्चीवर त्यानं बरंच सांगितलं. १९७४ मध्ये भुट्टोंच्या काळात संसदेनं घटना दुरुस्त करून अहमदींना बिगरमुस्लिम ठरवलं, तेव्हा हा लायलपुरात पाचवीत होता. त्या वर्षीच्या दंगलीत बापाचं कापडाचं दुकान जळलं. दुसऱ्या दिवशी वर्गात बाक बदलून मिळाला. मग १९८४ मध्ये लष्करशहा झिया उल हकनी अध्यादेश काढला: अहमदीनं स्वतःला मुसलमान म्हणवलं, आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हटलं, अजान दिली, तर तीन वर्षांपर्यंत कैद. मोबाइलमध्ये त्याच्याकडे एक फोटो होता, अब्दुस सलाम यांच्या कबरीचा. १९७९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवलेला माणूस. शिळेवर 'पहिला मुस्लिम नोबेल विजेता' असं इंग्रजीत कोरलेलं होतं, त्यातला 'मुस्लिम' हा शब्द सरकारी हुकमानं पुसलेला. वाचायला गेलं तर मध्येच अडखळायला होतं. उस्ताद तो फोटो मोठा करून नुसता त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवायचा.

त्यानं सही केली नाही. धर्माच्या जागी अहमदी छापून आलं. पासपोर्ट मंदूबनं, म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणाऱ्या माणसानं, खोलीवर आणून दिले आणि कुणीतरी उघडून बघितलाच. तिसऱ्या दिवशी थाळा तिघांचा झाला. उस्तादला प्लास्टिकचा वाडगा, आणि त्याच्या स्टीलच्या ग्लासाला लाल इन्सुलेशन टेपचा एक वेढा. टेप माझ्याच स्टोअरमधली. मी चिपळूणचा असलो तरी माझं आजोळ घाटावरचं. तिथल्या हॉटेलात बाहेरच्या फळीवर पालथे ठेवलेले वेगळे कप मी लहानपणी बघितलेत, त्यामुळे तो वेढा कशाचा, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आता तुमचा प्रश्न. तिथे बोलणारी माणसं कमी नाहीत, बोलणाऱ्यांना वाचवणारं कुणी नाही. ईशनिंदेच्या आरोपाखाली फाशीची शिक्षा झालेल्या आसिया बीबी या ख्रिश्चन बाईची बाजू घेतली म्हणून पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांना ४ जानेवारी २०११ ला त्यांच्याच अंगरक्षकानं मारलं आणि कोर्टात आणताना वकिलांनी त्या खुन्यावर गुलाबाच्या पाकळ्या उधळल्या. वकिलांनी! दोन महिन्यांत मंत्री शाहबाझ भट्टींनाही मारलं. मुलतानचा प्राध्यापक जुनैद हफीझ, त्याच्यावरही ईशनिंदेचाच आरोप, त्याचं वकीलपत्र घ्यायला कुणी धजेना, ते राशिद रहमान यांनी घेतलं. त्यांना न्यायाधीशासमोर धमकी मिळाली की पुढच्या तारखेला तुम्ही नसाल. मे २०१४ मध्ये ऑफिसात गोळ्या घातल्या. गव्हर्नरची ही गत, तिथे डक्टिंगच्या फोरमननं काय बोलावं? बलुचिस्तानातली महरंग बलोच, जिच्या बापाला २००९ मध्ये उचलून नेलं आणि २०११ मध्ये प्रेत मिळालं, ती बेपत्ता माणसांच्या बायकांना घेऊन इस्लामाबादपर्यंत मोर्चानं गेली. मार्च २०२५ मध्ये तिलाच आत टाकलं.

आणि राजकारणी? एकजात सारखे, लिहून ठेवा. विरोधात असले की मानवाधिकार आठवतात, खुर्ची मिळाली की मुल्ला आणि जनरल. भुट्टो दारू पिणारे, आधुनिक, समाजवादी. मुल्लांना खूश करायला अहमदींचा बळी दिला, आणि पाच वर्षांत त्याच मुल्लांच्या लाडक्या झियांनी त्यांना फासावर चढवलं. इम्रान खाननी २०१८ मध्ये आतिफ मियाँ या नावाजलेल्या अर्थतज्ज्ञाला सल्लागार समितीवर घेतलं, तो अहमदी म्हणून ओरड झाल्यावर काही दिवसांत काढलं. पेशावरच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर जानेवारी २०१५ मध्ये नागरिकांचे खटले लष्करी कोर्टात नेणारी घटनादुरुस्ती आली, तेव्हा सिनेटर रझा रब्बानी अक्षरशः रडले. रडत रडत मत मात्र बाजूनंच दिलं. मला विचाराल तर पाकिस्तानी लोकशाहीचं याहून नेमकं चित्र नाही. एकाही पंतप्रधानानं आजवर पाच वर्षं पुरी केलेली नाहीत, आणि नोव्हेंबर २०२५ च्या दुरुस्तीनं फील्ड मार्शलला आयुष्यभर खटल्यापासून अभय दिलं. दाद मागायची कुणाकडे?

न्यायालयाकडे म्हणाल, तर मुनीरसाहेबांचं ऐका. १९५३ ला लाहोरात अहमदींविरुद्ध दंगली झाल्या, त्याची चौकशी न्यायमूर्ती मुहंमद मुनीर यांनी केली. त्यांनी एकेका मौलवीला विचारलं, मुसलमान म्हणजे कोण? कुठल्याही दोघांचं उत्तर जुळलं नाही, आणि १९५४ च्या अहवालात तसं स्वच्छ लिहिलंय. वाचून माणसाच्या पाया पडावंसं वाटतं. पण याच मुनीरनी पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, संविधान सभा बरखास्त करणाऱ्या गव्हर्नर जनरलला कायद्याचा टेकू दिला, आणि १९५८ मध्ये लष्करी राजवटीलाही.

उस्ताद मतही देत नसे. अहमदींची मतदारयादी वेगळी असते, त्यात नाव घालायचं म्हणजे पुन्हा तीच कबुली.

हे सगळं ऐकून भाऊजी म्हणाले होते, मग यावं की इकडे. मिर्झा गुलाम अहमद यांचं गाव कादियान गुरदासपूर जिल्ह्यात, आपल्या पंजाबात, आणि एकदा तरी तिथल्या डिसेंबरच्या जलशाला जायचं हे उस्तादचं स्वप्न होतंच. पण पुढे दोनच महिन्यांत जो नागरिकत्व दुरुस्ती कायदा आला, त्यात पाकिस्तानातून आलेल्या सहा धर्मांची नावं आहेत, अहमदींचं नाही. मी भाऊजींना फोन करून सांगितलं, त्यांना पटलं नाही. ते अजून म्हणतात मी नीट वाचलं नाही. मी राजपत्र वाचलंय, भाऊजी.

एक राहिलं. मी एका खोलीतून बघितलेला देश सांगतोय. त्याच खोलीतला एक लाहोरी पोरगा रात्री सगळे झोपल्यावर उस्तादजवळ जाऊन बसायचा, हेही खरं. आणि आपल्याकडे सगळं आलबेल आहे असा अर्थ काढू नका.

उस्ताद २०१६ ला परत गेला. रबवाला, पाकिस्तानातल्या अहमदींच्या गावी, राहतो. गावाचं सरकारी नाव आता चिनाबनगर आहे, पण तो पत्ता सांगताना रबवाच सांगतो.

आणि भाऊजी, तुम्ही हे वाचणारच, म्हणून सांगतो. त्या दिवाळीत मी तुम्हाला म्हटलं होतं की ग्लासावरून मी खोलीत भांडलो. भांडलो नव्हतो. खेडवाला म्हणाला, "गप र्‍हा, आपल्याला काय करायचंय," आणि मी गप्प राहिलो. माझ्यावर ना कुठला अध्यादेश होता, ना कुणाची गोळी. पुढे सात वर्षं मी त्या खोलीत जेवलो. टेप सुटली की नवीन रोल मागायला ते माझ्याकडेच यायचे, आणि मी वहीत नोंद करून द्यायचो.