गजकर्णाचं औषध आणि दुधाची बाटली

सॅन होजे, ऑगस्ट २०२२

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज शुक्रवारी रात्री आला. ‘काका, टाटीसची जर्सी कचऱ्यात टाकली. आता बेसबॉल बास.’ फोन करणार होतो, पण तू तावातावानं बोलली असतीस आणि मी नुसतं हं हं केलं असतं. म्हणून लिहितोय, तेही मराठीत. अडलं तर आईला विचार. चार वर्षं दर शनिवारी तुला मराठी शाळेत सोडायला येत होतो, त्याची थोडी वसुली.

बातमी मीही वाचली. टाटीस, तेवीस वर्षांचा पोरगा, सॅन डिएगोच्या संघाशी चौदा वर्षांचा ३४ कोटी डॉलरचा करार. मनगट मोडल्यामुळे अख्खा सीझन बाहेर, आता परत यायच्या बेतात, आणि तपासणीत निघालं क्लोस्टेबोल, एक स्टेरॉइड. ऐंशी सामने बाहेर. खुलासा काय, तर गजकर्णावर औषध घेतलं, त्यात ते होतं. आमच्या आजीनं माझ्या गजकर्णावर टाकळ्याचा पाला चोळला होता. त्या पाल्यानं काही मला होम रन (बेसबॉलचे षटकार) मारता आले नाहीत.

चेष्टा सोड. त्याचं म्हणणं खरं असू शकतं, खोटंही असू शकतं. क्लोस्टेबोल काही देशांत त्वचेच्या मलमात असतं, हे खरं आहे. पण नियम साधा आहे: अंगात जे गेलं त्याला तू जबाबदार. २०१९ मध्ये आपल्या मुंबईचा पृथ्वी शॉ खोकल्याच्या औषधातल्या टर्ब्युटलीनमुळे आठ महिने बाहेर बसला, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. मला त्याची दया आली होती, तरी शिक्षा चुकीची वाटली नाही. टाटीसबद्दल माझं तेच मत आहे. दया आणि शिक्षा एका ताटात जेवू शकतात.

आता माझं ऐक. हे मी तुला कधी सांगितलेलं नाही.

मी पुण्यात रेडिओला कान लावून वाढलो. बाळ ज. पंडितांच्या मराठी कॉमेंट्रीत मैदान डोळ्यांपुढे दिसायचं. १९९७ ला इथे आलो तेव्हा क्रिकेट रात्री-बेरात्री इंटरनेटवर, तुटक तुटक मिळायचं. मग एप्रिल २००० मध्ये सट्टेबाजीचं प्रकरण बाहेर आलं. ११ तारखेला दक्षिण आफ्रिकेच्या क्रोनिएची कप्तानपदावरून हकालपट्टी झाली. त्याच दिवशी सॅन फ्रान्सिस्कोत खाडीच्या काठावर तिथल्या जायंट्स संघाच्या नव्या मैदानावर पहिला सामना होता. ऑफिसातल्या एकाकडे जादा तिकीट होतं. जायंट्स ६-५ असे हरले, पण मी घरी आलो ते क्रिकेट सोडायचं ठरवूनच. इथला खेळ स्वच्छ आहे, असं बायकोला सांगितल्याचं आठवतं. ती अजून ते वाक्य मला ऐकवते.

आगीतून फुफाट्यात, दुसरं काय! डाव्या मैदानावर जायंट्सचा बॅरी बॉन्ड्स उभा होता.

पुढची चार वर्षं मी जे पाहिलं ते आयुष्यात परत पाहणार नाही. २००१ मध्ये ७३ होम रन. २००४ मध्ये प्रतिस्पर्ध्यांनी त्याला १२० वेळा मुद्दाम चालत पहिल्या बेसवर पाठवलं, मारू दिलंच नाही. लोक दर वेळी कठड्याला एक रबरी कोंबडी टांगायचे, इंग्रजीत ‘चिकन’ म्हणजे भित्रा. चाळिशीला टेकलेला माणूस, वयाबरोबर हात थंडावायचे ते जास्तच चपळ होत होते. आणि त्याचा जुना फोटो शेजारी ठेवला की तो माणूस वेगळाच वाटायचा. गळा, खांदे, सगळंच. २००३ च्या सप्टेंबरमध्ये विमानतळाजवळच्या बर्लिंगेममध्ये बाल्को नावाच्या प्रयोगशाळेवर छापा पडला. तिथे तपासणीत सापडू नये म्हणून खास बनवलेलं स्टेरॉइड मिळत होतं. बॉन्ड्सचा ट्रेनर त्यात अडकला. मी रोज त्याच रस्त्यानं गाडी हाकत ऑफिसला जायचो.

मला कळत नव्हतं असं नाही. मला कळून घ्यायचं नव्हतं. ७ ऑगस्ट २००७ ला त्यानं कारकिर्दीतला ७५६ वा होम रन मारला आणि हँक आरनचा विक्रम मोडला, तेव्हा मी मैदानात उभा राहून ओरडलो. मोठ्या पडद्यावर आरनचा अभिनंदनाचा संदेश दाखवला, तेव्हा मात्र मला खाली बसावंसं वाटलं. बसलो नाही. सगळे उभे होते.

त्याआधी तीन दिवस बरोबरीचा ७५५ वा तुझ्याच सॅन डिएगोत पडला होता. ज्या पिचरला तो मारला, क्ले हेन्सली, त्यालाही दोन वर्षांपूर्वी खालच्या लीगमध्ये स्टेरॉइडसाठी निलंबित केलेलं होतं. चेंडू टाकणारा आणि मारणारा, दोघांच्याही नावापुढे प्रश्नचिन्ह, आणि मधे टाळ्या वाजवणारे आपण.

म्हणून तुझ्या रागात मी सुधारणा सुचवतो, त्याला थंड करत नाही. तुझा सगळा राग एका पोराच्या जर्सीवर निघाला. तो जरा वर चढू दे. योगायोग बघ, टाटीसची बातमी आली १२ ऑगस्टला, आणि १९९४ मध्ये खेळाडूंचा संप सुरू झाला तोही १२ ऑगस्टलाच. त्या वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनची अंतिम मालिकाच झाली नाही. लोक चिडून निघून गेले. त्यांना परत आणलं १९९८ च्या मॅग्वायर-सोसा यांच्या होम रनच्या शर्यतीनं, ७० आणि ६६. आमच्या ऑफिसात रोज सकाळी फळ्यावर दोघांचे आकडे लिहिले जायचे. मॅग्वायरच्या लॉकरमध्ये एका वार्ताहराला अँड्रो या स्टेरॉइडसारख्या औषधाची बाटली दिसली. बेसबॉलमध्ये तेव्हा ते चालत होतं, ऑलिंपिकमध्ये बंदी होती. आणि ओरडा कुणावर झाला? बाटली पाहणाऱ्यावर. स्टेरॉइड चालणार नाहीत असं पत्रक बेसबॉलच्या तेव्हाच्या कमिशनरनी, म्हणजे प्रमुखांनी, १९९१ मध्येच काढलं होतं, पण तपासणीच नव्हती, मग पत्रकाला कोण विचारतो. पहिल्या गुन्ह्याला २००५ मध्ये दहा दिवस, २००६ पासून पन्नास सामने, २०१४ पासून ऐंशी. संपापासून ऐंशी सामन्यांपर्यंतच्या सगळ्या काळात कमिशनर असलेले बड सेलिग आज हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या सन्मानगृहात आहेत. बॉन्ड्सला यंदा जानेवारीत, पत्रकारांच्या मतदानातल्या दहाव्या आणि शेवटच्या प्रयत्नात, ६६ टक्के मतं मिळाली. लागतात ७५. दुकान चालवणारा देव्हाऱ्यात आणि गिऱ्हाईक दाराबाहेर, ही मांडणी मला पटत नाही. बॉन्ड्सला आत घ्या असं मी म्हणत नाहीये, हेही नीट वाच.

‘सगळेच घेतात गं’ असं सांगणारे तुला भेटतील. विद्यापीठात तर हमखास. त्यांचं ऐकू नकोस, कारण सगळे घेत नव्हते. खालच्या लीगमध्ये आठवड्याला काहीशे डॉलरवर राहणारा, चौघांत एक खोली घेऊन बसनं गावोगाव फिरणारा एखादा पोरगा न घेता खेळला, शेजारच्या लॉकरवाल्यापेक्षा पाच फूट कमी मारू लागला, आणि एका सकाळी त्याला बॅग भरायला सांगितली. त्याचं नाव तुला-मला कधीच कळणार नाही. फसवणूक आधी त्याची झाली. आपली फार तर करमणुकीची.

आणि उलट्या टोकालाही जाऊ नकोस. नुसत्या फुगलेल्या दंडावरून, नुसत्या आकड्यांवरून कुणाला चोर म्हणू नकोस. माइक पियाझा आणि जेफ बॅगवेल पुराव्याशिवाय कुजबुजीमुळे हॉलच्या दाराशी वर्षानुवर्षं थांबले. रायन ब्रॉनची गोष्ट तर तू वाचलीच पाहिजेस. २०११ चा नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू, तपासणीत सापडला, आणि नमुना पाठवायला उशीर झाला या मुद्द्यावर सुटला. सुटल्यावर त्यानं नमुना गोळा करणाऱ्या साध्या माणसावर जाहीर शंका घेतली. दीड वर्षानं ब्रॉन दुसऱ्या प्रकरणात अडकला, निलंबित झाला आणि मग त्यानं कबुली दिली. स्टेरॉइडपेक्षा मला ते बोट दाखवणं जास्त लागलं. बॅटिंग मी विसरलो, ते विसरलो नाही.

तू म्हणशील, काका, मी बाहेरची, मला यात कशाला ओढता? बाहेरची? २०१२ आठवतं का? तू अकरा वर्षांची होतीस. जायंट्सचा मेल्की कॅब्रेरा फॉर्मात होता. मेल्की म्हणजे ‘मिल्क’, म्हणून लोक दूधवाल्याचा पांढरा पोशाख करून मैदानात यायचे, आणि तुझी आई जुन्या चादरीतून तुझ्यासाठी तसली टोपी शिवत बसली होती. जुलैमध्ये तो ऑल-स्टार, म्हणजे दोन लीगच्या निवडक खेळाडूंच्या सामन्याचा मानकरी ठरला. १५ ऑगस्टला टेस्टोस्टेरॉनसाठी पन्नास सामने बाहेर. त्याच्या माणसांनी तर खोटी वेबसाइट उभी करून दोष एका मलमावर ढकलायचा प्रयत्न केला होता. बघ, मलम तेव्हाही होतंच. तू दोन दिवस जेवली नव्हतीस.

पण आपल्या लीगनं तो ऑल-स्टार सामना जिंकल्यामुळेच त्या वर्षी वर्ल्ड सिरीजची सुरुवात आपल्या मैदानावर झाली. आपण जिंकलो. ३१ ऑक्टोबरला शाळा बुडवून तू माझ्या खांद्यावर बसून मिरवणूक पाहिलीस. मेल्की त्यात नव्हता. त्याची टोपी मात्र तू घातली होतीस. मी काही बोललो नाही, तुझी आईही नाही.

जर्सी टाकलीस ते ठीक. बेसबॉल टाकायचा की नाही ते तू ठरव, मी आग्रह करणार नाही. एक मात्र कर. पुढचे दहा सामने टीव्हीवर नको, रेडिओवर ऐक, आणि पेन्सिल घेऊन स्कोअर लिही, मी शिकवला होता तसा. बॅट न फिरवता नुसतं उभं राहून बाद झालेल्याचा ‘के’ उलटा काढायला विसरू नकोस. रेडिओवर कुणाचे दंड दिसत नाहीत. चेंडू कुठे गेला आणि कोण धावलं, तेवढंच कळतं. दहा झाल्यावरही कंटाळा आला, तर मला तसं सांग. मी वाईट वाटून घेणार नाही. म्हणजे घेईन, पण तुला कळू देणार नाही.

तुझं २०१२ चं स्कोअरबुक माझ्या गॅरेजमध्ये सापडलं. दर पानावर कॅब्रेराच्या ओळीत नावाऐवजी तू छोटी दुधाची बाटली काढली आहेस. १५ ऑगस्टच्या पानावर बाटली नाही, पण ती जागा तू रिकामी ठेवली आहेस. त्या ओळीत दुसऱ्या कुणाचं नाव लिहिलेलं नाही. ते का, हे मला विचारायचं आहे. थँक्सगिव्हिंगला येशील तेव्हा सांग.

तुझा,
काका