जळगावच्या उन्हाळ्यात एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन ही विदेशी जात) गाय टिकते का? गोठ्यात फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारे फवारे) बसवावेत का?

टिकते. मी अमळनेर तालुक्यातला. आमच्याकडे पारा ४४-४५ ला जातो, तरी पंधरा वर्षं दावणीला एचएफच्या संकरित गाई आहेत. "आपल्या उन्हात ही जात चालत नाही" हे वाक्य मी घरातच इतक्यांदा ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

पहिली एचएफ घेतली त्या मे महिन्यात आबांनी गरम झळ लागू नये म्हणून गोठ्याला चारी बाजूंनी ताडपत्री बांधली. पाणी सकाळ-संध्याकाळ दाखवायचं, त्यांच्या वडिलांपासूनची रीत. चौदा लिटरची गाय आठवड्यात आठवर आली. जीभ बाहेर, तोंडातून लाळेची तार, रात्रीसुद्धा बसेना. कुशीची हालचाल मोजली, मिनिटाला ऐंशीच्या वर श्वास. ताप १०५. डॉक्टरांनी सलाईन लावलं, आबा म्हणाले, "जातच नाजूक, विकून टाक."

दुपारी दोनला मी तिला सोडलं. ती सरळ हौदाकडे गेली, पाण्याला नाक लावलं आणि झटकन मान मागे घेतली. मी हात घातला तर चटका बसला. सिमेंटचा हौद, दिवसभर उन्हात! विहिरीवरून बादल्या आणल्या. चार बादल्या तिने मान वर न करता संपवल्या. त्याच दिवशी ताडपत्री काढली, पश्चिमेला ओली गोणपाटं लावली, हौद निंबाखाली नेला आणि दावं कायमचं सोडलं. पंधरा दिवसांत बारा लिटरवर आली.

दुभत्या गाईला अशा दिवसांत शंभर लिटरच्या पुढे पाणी लागतं, आणि तहान तिला तुमच्या वेळेवर लागत नाही. वैरणीचंही तसंच. कोटीपोटात, म्हणजे गाईच्या पहिल्या मोठ्या पोटात, चारा आंबताना उष्णता होते, म्हणून गाय दुपारी खायचं टाळते. कडबा रात्री आणि पहाटे टाका, ढेप-खुराकाबरोबर खनिज मिश्रण आणि मीठ द्या. पत्र्यावर तुराट्यांचा जाड थर हवाच.

फॉगर आपल्या कोरड्या हवेत चांगले चालतात, पाणी लगेच उडतं आणि गारवा येतो. पण गोठा मोकळा पाहिजे. बंद गोठ्यात दमटपणा साठतो आणि गाय आणखी धापा टाकते. पाऊस सुरू झाला की बंद करा. खालची जमीन ओली राहिली तर कासदाह ठरलेला. आधी हौद सावलीत न्या, फॉगरचे पैसे नंतर घाला.

एक मात्र खरं: मेमध्ये दूध थोडं घटणारच, आणि भरवलेली गाय बऱ्याचदा उलटते, म्हणजे गाभ न धरता पुन्हा माजावर येते. गीर हे ऊन जास्त सोसते, लोंबती सैल कातडी आणि जास्त घाम तिच्या कामाला येतो. एचएफचं रक्त जितकं जास्त तितकी निगा जास्त. पण तुमच्या घरातही कोणी "दोन वेळ पाणी पुरे, गायले काय व्हस?" म्हणत असेल, तर गाय विकण्याआधी भर दुपारी त्यांना हौदात हात घालायला सांगा.

आमची दुसरी एचएफ आबांनी त्याच वर्षीच्या आषाढात विकली. ती तापीकाठी चोपड्याकडे गेली, तिथलं ऊन आमच्याइतकंच. तिथे ती पुढे तीन वेतं दुधाला होती.