भुकटीची शाई पेनात भरण्यापूर्वी

प्रश्न : शाईच्या भुकटीच्या जुन्या पुड्या मला मिळाल्या आहेत. त्यांतील भुकटी पाण्यात कालवून तीन-चार रंगांची शाई तयार केली. टाकाने लिहिले असता रंग फार सुरेख उमटतात. परंतु ही शाई फाउंटन पेनात भरण्याजोगी आहे किंवा नाही, हे कसे पारखावे?

उत्तर : टाकाने काढलेल्या रेघेवरून निर्णय घेऊ नये, कारण टाक कागदावर पेनापेक्षा बरीच जास्त शाई सोडतो आणि त्यामुळे प्रत्येक रंग असतो त्याहून गडद व भरदार दिसतो. परीक्षेची सुरुवात भुकटीपासूनच करावी. काही पुड्यांत केवळ पाण्यात विरघळणारा रंग असतो, काहींत टॅनिन (वनस्पतींतील तुरट द्रव्य) आणि हिराकस (लोहाचा क्षार) असतात, तर टाकासाठी बनवलेल्या काही मिश्रणांत डिंक किंवा काजळीही असते. यांपैकी डिंक किंवा काजळी असलेली शाई पेनात मुळीच घालू नये. पुडीवर काही लिहिलेले नसेल, तर काचेच्या तुकड्यावर शाईचा एक थेंब पूर्ण वाळू द्यावा आणि त्यावर स्वच्छ पाण्याचा थेंब सोडावा. पेनायोग्य रंग बहुधा तत्काळ पुन्हा विरघळतो. डिंक असल्यास चकचकीत, चिकट पापुद्रा राहतो, आणि काजळी काळे कण सोडते. रेघ आधी फिकट उमटून काही तासांत काळवंडत गेली आणि पाण्याने धुतली जाईना, तर ती हिराकशीची शाई समजावी. अशी शाई आम्लधर्मी असते. ती पोलादी निब हळूहळू खाते आणि हवा लागली की पेनातच साका धरते.

शाई कालवताना ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी वापरावे, कारण नळाच्या जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम काही रंगांशी संयोग पावून न विरघळणारे क्षार बनवतात. भुकटी ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर तोलून १० मिलिलिटर पाण्यात आधी एक दाट द्रावण करावे आणि त्यातून निरनिराळ्या पातळपणाचे नमुने काढून प्रत्येकावर प्रमाण लिहावे. प्रमाणाची नोंद नसलेल्या नमुन्याची परीक्षा माझ्या मते व्यर्थ आहे, कारण चांगली निघालेली शाई पुन्हा बनवताच येत नाही. गरम पाण्यात भुकटी लवकर विरघळते हे खरे. पण थंड पाण्यात मावणार नाही इतका रंगही गरम पाणी सामावून घेते आणि निवल्यावर तो स्फटिकरूपाने खाली बसतो. म्हणून बाटली रात्रभर शीतकपाटात ठेवून दुसऱ्या दिवशी तळ पाहावा. साका दिसल्यास शाई अधिक पातळ करून गाळणकागदातून गाळावी. प्रयोगशाळेतला सर्वसाधारण गाळणकागद सुमारे ११ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) व त्याहून मोठे कण अडवतो आणि पेनाच्या फीडमधील, म्हणजे निबेला शाई पोचवणाऱ्या भागातील, बारीक खाचांसाठी तेवढे पुरते. मात्र गाळलेल्या शाईत आठवड्याभराने पुन्हा साका आला, तर कारण रासायनिक आहे किंवा बुरशीचे आहे, आणि पुन्हा पुन्हा गाळण्यात काही अर्थ नाही.

यानंतर पीएच-पट्टीने आम्लता पाहावी. उदासीनाच्या (पीएच ७) आसपासची शाई सर्वांत निर्धोक होय. तीव्र अल्कधर्मी शाई सेल्युलॉइडच्या जुन्या पेनांना अपाय करते. रंग बनवणारे त्याची तीव्रता ठरावीक राखण्यासाठी त्यात मीठ किंवा डेक्स्ट्रिनही (स्टार्चपासून बनणारी भुकटी) मिसळतात, त्यांपैकी मीठ पोलादाला गंज आणते. म्हणून पोलादी निब काही दिवस शाईत बुडवून ठेवून त्यावर डाग पडतात का, हे अवश्य पाहावे.

आता पेन घ्यावे : स्वस्त, सहज सुटे होणारे आणि शक्यतो पारदर्शक. तसेच दुसरे पेन एखाद्या ओळखीच्या बाटलीबंद शाईने भरावे, म्हणजे दोष शाईचा की कागदाचा हे कळते. एक पान सलग लिहून शेवटच्या ओळी फिकट होतात का, शाई फुटते का, पाठीमागे उतरते का आणि बोटाने पुसली न जाण्यास किती वेळ लागतो, हे पाहावे. नुसत्या पाण्याचा पृष्ठताण (पृष्ठभाग आवळून धरणारा जोर) सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर इतका जास्त असतो, त्यामुळे केवळ रंग आणि पाणी यांची शाई काही पेनांत अडखळते. बाटलीबंद शायांत तो ताण उतरवणारे द्रव्य आधीच घातलेले असते. सर्वांत मोलाची परीक्षा मात्र न लिहिण्याची आहे. भरलेले पेन टोपण लावून आठवडाभर पडू द्यावे. त्यानंतर ते पहिल्या रेघेतच चालले, निबाभोवती खपली धरली नाही आणि धुताना पाणी लवकर स्वच्छ झाले, तरच ती शाई आवडत्या पेनात भरावी.

प्रश्न : दोन भुकट्यांच्या शाया स्वतंत्रपणे उत्तम चालतात, पण लाल आणि निळी एकत्र करताच चिखल झाला. असे का व्हावे?

उत्तर : काही रंगांच्या रेणूंवर धन, तर काहींवर ऋण विद्युतभार असतो, आणि परस्परविरुद्ध भाराचे रंग एकत्र आले की न विरघळणारा साका बनतो. लाल इओसिन आणि निळा मेथिलीन ब्ल्यू ही याची प्रसिद्ध जोडी आहे; रक्ततपासणीत वापरले जाणारे लेशमन रंजक याच जोडीच्या साक्यापासून, तो मेथिल अल्कोहोलमध्ये विरघळवून, तयार होते. म्हणून मिश्रण नेहमी काचेच्या वाटीत काही थेंबांनी करून किमान २४ तास ठेवावे, आणि पेनात शाई बदलताना पेन पूर्णपणे धुऊनच दुसरी शाई भरावी.

प्रश्न : अशी शाई किती टिकते? त्यात ग्लिसरिन घालावे काय?

उत्तर : एकाच कागदाच्या दोन पट्ट्यांवर सारखे लिहून एक उन्हाच्या खिडकीत अर्धी झाकून लावावी आणि दुसरी बंद खणात ठेवावी, इओसिनची लाल शाई काही दिवसांतच विटलेली दिसेल, हिराकशीची बराच काळ टिकेल. महत्त्वाच्या दस्तऐवजांसाठी साधी रंगभुकटी वापरू नये, असेच माझे मत आहे. बाटलीतल्या टिकाऊपणाविषयी सांगायचे तर, भुकटीच्या शाईत बुरशी रोखणारे द्रव्य असेलच असे नाही. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या ट्रेंच पेनांत (खंदकात वापरायच्या पेनांत) शाईच्या गोळ्या ठेवून त्या तिथल्या तिथे पाण्यात विरघळवत असत, आणि आपणही ताजी कालवून लवकर संपवण्याची तीच रीत पाळावी. वर तवंग आला किंवा कुबट वास सुटला, तर ती शाई फेकून द्यावी आणि पेनही धुऊन काढावे. ग्लिसरिनमुळे निब उशिरा वाळते, पण कागदावरची शाईही उशिरा वाळते; त्यामुळे १० मिलिलिटरला एका थेंबाने सुरुवात करावी आणि ग्लिसरिन न घातलेला नमुना तुलनेसाठी शेजारी ठेवावा. भुकटी हाताळताना नाका-तोंडावर मास्क आणि हातमोजे असावेत, कारण कोरडी भुकटी श्वासातून सहज आत जाते.